कोणत्या वाडीत?

बावीस वर्षं मी बायका चाचपून पोट भरलं. दचकू नका, कामच ते होतं. सिल्वासाजवळ नरोलीच्या एका धाग्याच्या कंपनीत मी लेडी गार्ड होते. सुट्टी झाली की बायकांच्या रांगेपुढे उभं राहायचं, खांद्यापासून पोटरीपर्यंत हात फिरवायचा, पिशवी बघायची, डबा उघडायचा आणि म्हणायचं, "जा." आमच्या मंडळाचे संपादक सर दिवाळी अंकासाठी माझ्याकडे अनारशांची कृती मागायला टोकरखाड्याला घरी आले होते. मी म्हटलं, सर, माझे अनारसे तेलात पडले की हसतात, लोकही हसतील. त्यापेक्षा मी नोकरीबद्दल लिहिते. सरांनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि म्हणाले, लिहा, पण जरा घरगुती असू द्या. तर हे घरगुतीच आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, झडती म्हणजे पिशवीत बघणं. पिशवीत काही नसतं हो. जिने काही घेतलंय ती पिशवी आपणहून उघडून पुढे करते आणि वर विचारते, "काकी, आज दमलेल्या दिसता." माझ्या तब्येतीची चौकशी झाली की मी हात जरा सावकाश फिरवायची. एकदा पॅकिंगमधल्या एकीचा अंबाडा मला जड लागला. बाई किडकिडीत, डोक्यावर केस चार, आणि अंबाडा नारळाएवढा. सोडला तर आत धाग्याचं आख्खं बॉबिन, गुलाबी रंगाचं. म्हणाली, "पोरीला शाळेत क्राफ्टला हवं होतं." मी बॉबिन काढून घेतलं आणि तिला साहेबांपुढे नेलं नाही. आता रिटायर झाल्यावर हे लिहायला हरकत नाही.

रोज सगळ्यांची पूर्ण झडती नसायचीच. गेटवर एक बटण होतं. बाहेर जाणाऱ्याने ते दाबायचं. हिरवा दिवा लागला तर वरवर बघून सोडायचं, लाल लागला तर आडोशाला नेऊन नीट तपासायचं. लाल कोणाला लागणार ते मशीन ठरवायचं, ना माझ्या हातात ना साहेबांच्या. हे बटण ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

परीक्षा जवळ आल्या की गेटवर टीव्हीचे रिमोट यायला लागायचे. पहिला सापडला तेव्हा मी घाबरले, म्हटलं हे काय यंत्र आणलंय बाईने. ती म्हणाली, "काकी, पोरगा दहावीला आहे. घरी ठेवला तर दिवसभर टीव्हीपुढे बसतो." तिचं बघून दुसरीने आणला, दुसरीचं बघून तिसरीने. एकीने तर इंटरनेटचा डबाच उपटून जेवणाच्या पिशवीत घालून आणला, वर चपात्या. बाहेरून आलेली वस्तू आवक रजिस्टरात लिहायची असा नियम, आणि मी नियमाची बाई. तेव्हा आमच्या रजिस्टरात "रिमोट नऊ, राउटर एक, कॅरमचा स्ट्रायकर एक" अशी नोंद अजून असेल. तपासणीला आलेल्या एका साहेबाने मला विचारलंही होतं, की हा माल कोणत्या खात्याचा. आणि पोरं काय करायची? मोबाईलमध्येच रिमोट उतरवून घ्यायची. आई इथे रिमोट कमरेला खोचून बॉबिनवर लेबलं लावतेय आणि घरी क्रिकेटची मॅच जोरात.

आता फोनचं सांगते. कंपनीत आत फोन न्यायला बंदी. माझ्या केबिनमध्ये खणांचं कपाट होतं. फोन खणात, बाईच्या हातात नंबरचा पितळी बिल्ला. सुटल्यावर बिल्ला द्या, फोन घ्या. मधल्या वेळात फोन वाजला तर उचलायचा नाही. हे साहेबांनी मला तीनदा बजावलं होतं, म्हणजे मी उचलणारी बाई आहे हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

दुपारी एकच्या सुमाराला पोरं शाळेतून घरी पोचायची आणि कपाट वाजायला लागायचं. एकतीस फोन, एकतीस गाणी. कुठे आरती, कुठे गरबा, कुठे भोजपुरी, मधेच एक कोंबडा. एके दिवशी बावीस नंबर सतरा वेळा वाजला. अठराव्या वेळी मी उचलला. पलीकडून बारीक आवाज, "आई, कुकरची शिट्टी पडत नाहीये आणि आतून कसला तरी आवाज येतोय." मी म्हटलं, "गॅस बंद कर आणि लांब उभा राहा. आणि मी आई नाही, मी गेट आहे." त्या पोराने हे वाक्य सगळ्या नरोलीत पसरवलं. तेव्हापासून मी गेटकाकी झाले.

बायकांना हे कळलं आणि माझ्यापुढे रांगच लागली. काकी, माझ्या पोराला पण विचारा ना, घरी आला का, जेवला का, क्लासला गेला का. यांच्या घरात वर म्हातारं माणूस नाही, भाड्याची एक खोली, नवरा एका शिफ्टला आणि बायको दुसऱ्या. पोरं तेरा ते सोळा वयाची. या वयात आवाज फाटलेला असतो, मान भिंतीकडे असते आणि प्रत्येक प्रश्नाला "माहीत नाही" हे एकच उत्तर असतं. आयांचा जीव मशीनपाशी आणि लक्ष घराकडे. मला नाही म्हणवेना. खरं सांगायचं तर नाही म्हणायचंही नव्हतं. बायका फोन उघडायचे पॅटर्न सांगून आत जायच्या. एकतीस पॅटर्न मला पाठ होते, त्यातले निम्मे नुसते झेड.

पोरांनी आठवड्यात मला वेड्यात काढलं. आठ नंबरचा रोहित रोज फोन करायचा आणि मागे कुकरच्या दोन शिट्ट्या. "काकी, भात लावलाय." सहा दिवस भात. सातव्या दिवशी मी त्याच्या आईला म्हटलं, पोरगा गुणी आहे हो, रोज भात लावतो. ती म्हणाली, "आमच्याकडे दुपारी भात कोण खातंय? भाकरी असते." शिट्टी रेकॉर्ड केलेली होती, आणि रोहित रोज मैदानावर. दुसरे सहा जण एकाच मैदानावर असायचे आणि त्यातला एक जण सहा आवाज काढून सहा फोन करायचा. मला मग कल्पना सुचली. मी एकेकाला विचारलं, "आई सकाळी निघाली तेव्हा ओढणी कोणत्या रंगाची होती?" मैदानावरच्या सातांना सांगता आलं नाही, आणि जे इमानदारीत घरी बसले होते त्या चोवीसांनाही नाही. ती युक्ती तिथेच संपली.

पण मीही कच्च्या गुरूची चेली नव्हते. मंडळाच्या हळदीकुंकवाला आम्ही हाऊजी खेळतो, त्यातल्या एक ते एकतीस नंबरच्या गोट्या मी पिशवीत घालून कंपनीत आणल्या. दुपारी सव्वादोनला तीन गोट्या काढायच्या. ज्यांचे नंबर येतील त्या पोरांना माझा उलटा फोन. कुठे आहेस, कोण आहे बरोबर, मागचा आवाज कसला. अगदी आमच्या बटणासारखं. पोरांनी त्याला काकीची हाऊजी असं नाव ठेवलं. पोरं सव्वादोनला हातातलं सोडून घड्याळाकडे बघायला लागली. मला तर पोलीस कमिशनर झाल्यासारखं वाटायचं. घरी आल्यावर आमचे हे विचारायचे, "आज किती आरोपी?"

आता काजलचं सांगायला हवं.

काजल म्हणजे एकोणीस नंबर बिल्ल्याच्या संगीताची मुलगी, दहावीला होती. माणसं शिरपूरकडची. संगीता पॅकिंगला पहिल्या शिफ्टमध्ये, सकाळी सात ते तीन. तिचा नवरा भटूभाऊ आमच्याच कंपनीत धाग्याच्या मशीनवर दुसऱ्या शिफ्टमध्ये, तीनपासून. तीन वाजता ती बाहेर आणि तो आत. नवराबायकोची दिवसातली भेट माझ्या गेटवर, दोन मिनिटांची. त्या दोन मिनिटांत ते चार्ज द्यायचे, मशीनवर एक ऑपरेटर दुसऱ्याला देतो तसा. भटूभाऊ म्हणायचे, "किल्ली धर. दूध आनेल शे. काजल एक वाजता उनी, जेवनी, क्लासले गयी." उनी म्हणजे आली. मला त्यांची अहिराणी ऐकायला फार आवडायची.

चार्ज मुलीचा असायचा, कारण नववीत तिने आईच्या फोनवर चोरून खातं उघडून स्वतःचे फोटो टाकले होते. फोटोत काय, दोन वेण्या आणि काळा चष्मा. पण भटूभाऊंच्या डोक्यात किडा शिरला. तेव्हापासून रोज दप्तर तपासणं, वहीची मागची पानं बघणं, उशीर झाला तर मैत्रिणींना विचारणं. तिच्या हातात एक बटणांचा डबडा फोन दिला होता, तोही तिला नाही, आपल्याला हवी तेव्हा ती सापडावी म्हणून. आणि बजावून ठेवलं होतं, अजून एक तक्रार आली की शाळा बंद, मामाकडे गावाला रवानगी. पूर्वी ही पोर आईला घ्यायला गेटवर यायची तेव्हा माझी नक्कल करायची, माझ्यासारखे हात पसरून सगळ्या बायकांना "जा, जा" करायची. त्या वर्षात ती मुकी झाली. विचारलं तर एका शब्दात उत्तर, जास्त विचारलं तर उलट उत्तर. संगीता म्हणायची, "काकी, पोर हातातून चालली." मी म्हणायची, लक्ष ठेव. अजून काय म्हणणार, माझा धंदाच तो.

नवरात्र पंधरा दिवसांवर होतं. शुक्रवारी सव्वादोनला गोटी काढली, एकोणीस. फोन लावला. काजल क्लासला असायला हवी होती. तीनदा वाजल्यावर उचलला, मागे दणदण आवाज. मी म्हटलं, "कुठे आहेस?" ती म्हणाली, "वाडीत आहे काकी," आणि आवाजात पुढचं विरून गेलं. फोन कट.

मी खुर्चीतच बसले. मी बोर्डीची. आमच्याकडे वाडी म्हणजे चिकूची वाडी. भर दुपारी आत सावली दाट, दहा पावलांवरचं माणूस दिसत नाही. माझ्या लहानपणी "अमकी तमक्याबरोबर वाडीत दिसली" एवढ्या वाक्यावर लग्नं ठरायची आणि मोडायची. मला तर तो दणदण आवाजही मोटारसायकलचा वाटायला लागला.

तीन वाजता संगीता फोन घ्यायला आली. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मी म्हटलं, "सांगू नये पण सांगते. पोरगी क्लासला नव्हती. वाडीत होती." संगीताचा चेहरा उतरला. तिच्याकडे वाडी म्हणजे गावाबाहेरची वस्ती, चार घरं. तिला वाटलं पोर कोणाच्या तरी घरी जाते. तेवढ्यात भटूभाऊ समोरून आले. संगीताने चार्ज दिला, "पोर क्लास बुडाडीसन कोणा वाडीवर जास." मी म्हटलं झाडांत, तिने केलं घर, आणि भटूभाऊंनी त्या घरात एक पोरगाही बसवला. सगळा ध चा मा तीन माणसांत आणि दोन मिनिटांत झाला. भटूभाऊ ओरडले नाहीत. मशीनवर काम करून त्यांना हळू बोलायची सवय नव्हती, पण त्या दिवशी ते हळू बोलले. "रविवारे सकाळची गाडी. मी स्वतः सोडी येसू." आणि आत गेले.

शनिवारी सकाळी संगीता डोळे सुजवून कामावर आली. आदल्या संध्याकाळी तिने पोरीला विचारलं होतं, वाडीत जातेस का? पोरगी हनुवटी वर करून म्हणाली होती, "हो, जाते. आठ दिवस रोज जाते. काय वाईट आहे त्यात?" संगीताने तिला एक ठेवून दिली. त्यानंतर ती बोललीच नाही, आणि मायलेकी दोघी भरलेल्या बॅगेकडे बघत बसल्या. "काकी, तुम्ही सांगितलं," संगीता मला म्हणाली, "आता तुम्हीच दाखवा. मला त्या पोराचं तोंड बघायचंय."

तीन वाजता भटूभाऊ आत गेल्यावर मी तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि भिलाडच्या रस्त्याला लागले. त्या बाजूला वाड्या आहेत. मी बोर्डीची असल्यामुळे वाडीत कसं शिरायचं हे मला शिकवायला नको. तिसऱ्या वाडीत कुंपणाखालून आत गेलो. संगीता एकेका झाडामागे डोकावून हळूच "काजल, काजल" करत होती, आणि मी दबकत पुढे. माझं वजन तेव्हा बहात्तर किलो. पहिल्यांदा कुत्रं आलं, मग त्याच्यामागे काठी घेऊन राखणदार. चिकू चोरायला आलेल्या बायका पकडल्याचा त्याला कोण आनंद. म्हणाला, पिशवी उघडा.

बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पिशव्या उघडल्या, त्या दिवशी माझी उघडली गेली. आत माझी शिट्टी, टॉर्च, हाऊजीच्या गोट्या आणि एका बाईचा राहिलेला टीव्हीचा रिमोट. चिकू एकही नाही. राखणदाराने रिमोट उलटसुलट करून बघितला आणि त्याचा संशय वाढला. मी मनात म्हटलं, हा पण कच्च्या गुरूचा नाही. मी घाम पुसत म्हटलं, "भाऊ, चोरी नाही. हिची मुलगी शोधतोय. ती रोज वाडीत जाते."

तो म्हणाला, "कई वाडी, बेन?"

मी म्हटलं, "कोणती काय, वाडी म्हणजे वाडी."

"अहीं तो कोई छोकरी नथी," तो म्हणाला. मग जरा विचार करून, "छोकरीओ तो पेली समाजनी वाडीमां होय. ज्यां ढोल वागे छे."

समाजाची वाडी. इथल्या गुजरातीत वाडी म्हणजे समाजाचा हॉल, लग्नाकार्याचा. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याच हॉलमध्ये मी डझनभर लग्नं जेवले होते, बासुंदी दोनदा मागून घेतली होती. काजल इथेच जन्मलेली, तिच्यासाठी वाडी ती एकच. पण एकदा मनात शंका शिरली की माणूस आपल्या मायबोलीत ऐकतो. मी बोर्डीचं ऐकलं, संगीताने शिरपूरचं, आणि पोरगी सिल्वासाचं बोलत होती. मला हसू फुटलं, संगीताला रडू फुटलं, आणि मग दोघींचं उलटसुलट झालं. राखणदाराने जाताना दोन-दोन चिकू हातात दिले, बहुधा आम्ही लवकर जावं म्हणून.

ती समाजाची वाडी कंपनीच्या गेटपासून दोन गल्ल्या मागे. काखेत कळसा. ज्या ढोलाने डोकं उठतं म्हणून आठ दिवस मी केबिनची खिडकी लावून घेत होते, तोच हा ढोल. आत सहा पोरी ओळीने, कमरेला ढोल बांधलेले, समोर बाबुकाका म्हणून एक म्हातारे ताल मोजत होते. मधली काजल. दात ओठावर, कपाळाला केस चिकटलेले, आणि चेहऱ्यावर असं हसू की मी वर्षभरात बघितलं नव्हतं. क्लासचा शेवटचा तास बुडवून ती रोज इथे येत होती, आणि त्या दिवशी तर बाप कामावर गेल्यावर, शेवटचं एकदा म्हणून आली होती. ते चुकलंच तिचं, मी तिची बाजू घेत नाही.

आम्हाला बघून तिचे हात थांबले. संगीता पुढे गेली, मला वाटलं आता अजून एक देते. तिने पोरीचे हात उलटे केले. तळव्यांवर फोड होते. "म्हणून भाकरी थापताना कन्हत होती का तू," एवढंच ती म्हणाली.

मी गप्प बसायला हवं होतं, पण म्हटलं, "अगं, मग सांगायचं ना नीट." त्यावर ती पोर माझ्याकडे वळली. "सांगितलं ना काकी. तुम्ही विचारलं, मी खरं सांगितलं. खोटं बोलले असते तर वाचले असते, रोहितसारखी." मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या गेटवर बटण आहे ना? कधी हिरवा लागतो, कधी लाल. आमच्या घरी हिरवा लागतच नाही. रोज लाल. मग चोरी केली काय आणि नाही केली काय."

मला लाज वाटली, खूप वाटली. मी हाऊजीच्या गोट्या पिशवीत घट्ट धरून उभी राहिले.

रविवारी सकाळी साडेआठला मी त्यांच्या खोलीवर पोचले. बॅग दाराशी, भटूभाऊ बूट घालत होते. संगीताने त्यांना रात्रीच सगळं सांगितलं होतं. वाडीचा उलगडा झाला होता, पण गाडी रद्द झाली नव्हती. मी उभ्याउभ्याच म्हटलं, "भटूभाऊ, चूक माझी आहे. मी ऐकलं एक आणि सांगितलं दुसरं."

"पन काकी, पोर खोटं बोलनी ना. क्लास सांगीसन ढोल."

"क्लास बुडवला, त्याची शिक्षा द्या. पण विचारल्यावर ती खरं बोलली. खोटं ऐकलं ते आपण तिघांनी."

ते बुटाची नाडी बांधत राहिले. मी विचारलं, "तुम्हाला गेटवर लाल दिवा महिन्यातून किती वेळा लागतो?"

"तीन-चारदा."

"रोज लागला तर? रोज आडोशाला नेऊन कपडे चाचपले तर?"

"नोकरी सोडी दिसू," ते पटकन म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांचे हात नाडीवरच राहिले. कोपऱ्यात काजल बसली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलं. ती नोकरी थोडीच सोडणार होती, तिने बोलणं सोडलं होतं. हे मी म्हटलं नाही, त्यांना दिसत होतं.

मग त्यांनी विचारलं, "वाजाडस कशी?"

मी म्हटलं, "मला काय कळतंय? हॉलची तावदानं थरथरत होती."

त्यांनी कोपऱ्यातला पिठाचा पत्र्याचा डबा ओढला आणि पोरीपुढे ठेवला. मशीनच्या आवाजाने त्यांचा डावा कान अधू झालेला. उजवा पुढे करून बसले. काजलने आधी भीतभीत दोन थापा मारल्या. मग तिला राहवेना. डबा असा वाजायला लागला की झाकण उडालं, पीठ उडालं, भटूभाऊंच्या मिश्या पांढऱ्या झाल्या आणि तरी ते मान डोलावत होते. चाळीतल्या शेजारच्या खोलीतली बिहारी पोरं दात घासता घासता आली, पलीकडची ओडिया वहिनी लाटणं घेऊन आली, कोणीतरी थाळी वाजवली, कोणीतरी दारातच फेर धरला. मालक वरून ओरडत होता, "खोली भाड्याने दिलीये, चौक नाही." कोणाला ऐकू गेलं नाही. मीसुद्धा दोन गिरक्या घेतल्या. आमच्या ह्यांना हे अजून सांगितलेलं नाही, आता अंकातच वाचतील.

सकाळची गाडी गेली. बॅग मात्र दोन दिवस भरलेलीच दाराशी होती, कारण ती रिकामी करायची कोणालाच आठवण झाली नाही. भटूभाऊंनी अट घातली, क्लासचा एकही तास बुडायचा नाही, ढोल चारनंतर. आणि दप्तर तपासणं बंद. ते स्वतःच म्हणाले, महिन्यातून तीन-चारदा विचारेन, बाकी हिरवा.

माझं काय झालं विचाराल तर मला मेमो मिळाला. फोन उचलल्याची गोष्ट टाइम ऑफिसच्या साहेबांपर्यंत गेली. त्यांनी कडक भाषेत लिहून दिलं, मी सही केली. मग दरवाजा लोटून ते हळूच म्हणाले, "काकी, आमचा चिरंजीव नववीत आहे. त्याला त्या गोट्यांत घालता येईल का?" मी सांगितलं, हाऊजी मंडळाला परत केली. खरंच केली होती. फोन मात्र वाजला की उचलत राहिले, कारण कुकर कोणाचं ऐकत नाही. पण एक बदल केला. पोरांना कुठे आहेस असं विचारल्यावर लगेच फोन ठेवायचा नाही, अजून एक प्रश्न विचारायचा. बऱ्याचदा त्या दुसऱ्या प्रश्नाला पोरं इतकं बोलायची की आवरेनाशी व्हायची.

मला रिटायर होऊन वर्ष झालं. काजल आता इथेच नर्सिंग शिकते, आणि नवरात्रात ढोल वाजवायला जाते. रोज दुपारी एक वाजता तिचा फोन येतो, वेळ चुकत नाही. काकी, जेवलात? बीपीची गोळी घेतली? मागे टीव्ही का चालू आहे, झोपायची वेळ आहे ना? मीही आता पोरांसारखी झालेय. गोळी विसरलेली असते आणि "घेतली गं" म्हणून ठोकून देते. तिला कळतं. ती म्हणते, "पाकीट उघडल्याचा आवाज ऐकवा."

गेल्या महिन्यात मी बोर्डीला भावाकडे गेले होते. चिकूखाली खाट टाकून पडले होते, तेवढ्यात तिचा फोन आला. कुठे आहात, म्हणाली. मी मुद्दामच म्हटलं, "वाडीत आहे."

मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तिने अगदी सहज विचारलं, "कोणत्या वाडीत, काकी?"

दोनच शब्द होते. एकतीस फोन, एकतीस पॅटर्न आणि गोट्यांची पिशवी होती माझ्याकडे, आणि हे दोन शब्द मला त्या दुपारी सुचले नव्हते. मी खाटेवर उठून बसले.

"हॅलो," ती म्हणाली, "काकी, मी विचारतेय ना, कोणत्या?"